पहिल्या पानाचे उमेदवार

आप्पांचं दुकान कुठे आहे, असं नंदुरबारात कुणालाही विचारा, लोक मंगळ बाजाराकडे हात करतील. खुद्द आप्पांना विचारलंत तर ते म्हणतील, "सध्या तिसऱ्या पानावर." आणि मग आवाज जरा खाली आणून, "दिवाळीत दुसऱ्यावर होतो."

नवख्या माणसाला वाटतं, आप्पांच्या दुकानाची बातमी कुठल्या तरी पेपरात आली असावी. तसं काही नाही. मोबाइलवर जुन्या वस्तूंचा जो बाजार भरतो, तिथे गिऱ्हाइकाने 'जुना पितळी अडकित्ता' असं टाइप केलं की एक यादी उघडते. त्या यादीचं हे पान. पहिल्या पानावरचा माल विकला जातो, दुसऱ्या पानावरचा बघितला जातो आणि तिसऱ्या पानावर फक्त विक्रेते एकमेकांना भेटतात.

असे आप्पा आता बहुतेक जिल्ह्याच्या गावी एखाददुसरे तरी असतातच. वय साठीच्या पुढे, गळ्यात चष्म्याची दोरी, खिशात एक भिंग आणि दोन मोबाइल. ही मंडळी पूर्वीही होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाण्यांचं प्रदर्शन मांडायची आणि मुलांनी काचेला हात लावला की ओरडायची. तेव्हा त्यांना छंदिष्ट म्हणत आणि सोडून देत. आता त्यांना विक्रेता म्हणतात, आणि बाजार त्यांना सोडत नाही.

आमच्या आप्पांची उमेदीची वर्षं साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कोण किती वाजता आला, कोण गेटवर सही करून परत शेतात गेला, हे सगळं त्यांच्या मस्टरवर असे. निवृत्तीनंतर माणसं गेली, पण हजेरी घ्यायची सवय गेली नाही. पहाटे चूळ भरण्याआधी आप्पा मोबाइल उघडतात आणि मालाची हजेरी लावतात. "अडकित्ता हजर. फणेरपेटी गैरहजर. कंदील अर्धा दिवस." अर्धा दिवस म्हणजे सकाळी यादीत दिसला आणि दुपारपर्यंत नाहीसा झाला. हे सगळं एका लांबट वहीत लाल-निळ्या शाईने लिहिलेलं असतं. कारखान्यात सलग तीन दिवस न येणाऱ्याला आप्पा नोटीस काढत. फणेरपेटीला नोटीस काढता येत नाही, हे त्यांचं खरं दुःख आहे.

यादीत कोणाला वर घ्यायचं आणि कोणाला खाली ढकलायचं हे ठरवणाऱ्या यंत्राला आप्पा 'वरचा' म्हणतात. "वरच्याची मर्जी फिरली", "वरच्याच्या मनात काय आहे कळत नाही", "काल रात्री वरच्याने पार खाली नेलं". शेजारच्या म्हाताऱ्या हे ऐकून हात जोडतात. आप्पा एवढे धार्मिक कधी झाले, असं त्या आप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, विचारतात, तेव्हा काकू फक्त कपाळावर हात मारतात.

माल कुठून येतो, हे मात्र आप्पांचं खरं कौतुक. बायका स्टीलच्या डब्यांसाठी आजेसासूचं घंगाळ मोडीत घालतात. मोडवाला ते किलोवर घेतो, आणि तो वितळवायला पाठवायच्या आत आप्पा त्याच्या काट्यापाशी जाऊन उभे राहतात. मोडवाल्याला वजन दिसतं, आप्पांना कान, कड, झाळ आणि आत खरवडलेलं मालकिणीचं नाव दिसतं. पानाचे डबे, अडकित्ते, फणेरपेट्या, शेर-मापटी, बत्त्या, चावीची घड्याळं असं काय काय त्यांनी भट्टीच्या दारातून परत आणलेलं आहे. नाण्यांच्या बाबतीत तर आपला हा मुलूख फार उदार. सुरतेहून बुऱ्हाणपुरला जाणारी जुनी व्यापारी वाट इथूनच जायची. ऐन-इ-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे. त्यामुळे एखाद्या घरातला तांब्या उपडा केला तर त्यात बुऱ्हाणपुरच्या टांकसाळीतला मोगली रुपया, बडोद्याच्या गायकवाडांचा पैसा, होळकरांचं सूर्यछाप नाणं आणि दुदांडी शिवराई अशी सगळी सरकारं एकत्र निघतात.

आप्पांचा सगळ्यात लाडका ऐवज 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया. त्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारने तो रुपया मागे घेतला, पुष्कळसे वितळवले आणि 1912 पासून हत्ती दुरुस्त करून नवा छाप काढला. आप्पा हा रुपया विकत नाहीत. तो सांगण्यासाठी आहे. तुम्ही अडकित्ता घ्यायला जा, नाहीतर गॅसचं पुस्तक द्यायला जा, रुपया मखमलीतून बाहेर येतो, भिंग तुमच्या हातात येतं आणि "सांगा, हत्ती की डुक्कर?" असा प्रश्न येतो. हत्ती म्हटलं तर आप्पा नाराज होतात.

हा रुपया न विकण्याचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते सांगताना आप्पांचा टाइम ऑफिसातला आवाज परत येतो. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू, अगदी नाणंसुद्धा, पुरावशेष ठरते. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. उलट एट्सीसारख्या परदेशी बाजारात 'व्हिंटेज' म्हणून मांडायला वस्तू निदान वीस वर्षांची लागते. म्हणजे वीसच्या आत बाजार आडवा आणि शंभरच्या पुढे कायदा आडवा. या दोन खांबांच्या मधून आप्पांचा सगळा माल सरळ रेषेत चालतो. त्यांच्याकडच्या प्रत्येक वस्तूचं वय साधारण ऐंशी असतं. एकदा एका प्राध्यापकांनी एक दौत हातात घेऊन "ही सहज सव्वाशे वर्षांची असेल" असं मोठ्याने म्हटलं, तेव्हा आप्पांनी ती काढून घेतली आणि म्हणाले, "असं बोलू नका, ऐकू जातं." दौत दुसऱ्या दिवशी यादीतून गेली. सध्या ती देवघरात गोमूत्राला आहे.

आप्पांच्या इतिहासात सुवर्णयुग एकच, ते म्हणजे इबेचं. बाझी डॉट कॉम नावाची आपली कंपनी 2004 साली इबेने घेतली आणि भारतात लिलावाचा बाजार मांडला. तेव्हाचा कायदा साधा होता, असं आप्पा सांगतात. लिलावाला मुदत असे आणि ज्याची मुदत संपत आली तो माल यादीत वर येई. मग तो मुंबईच्या बड्या व्यापाऱ्याचा असो की नंदुरबारच्या निवृत्त टाइमकीपरचा. प्रत्येक वस्तूला आयुष्यात एकदा तरी, शेवटच्या काही मिनिटांपुरतं का होईना, पहिलं पान मिळायचं. आप्पा लिलावाची मुदत मुद्दाम रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर संपेल अशी लावत, कारण त्या वेळी माणसं निवांत कॉम्प्युटरपुढे बसत. (ही गोष्ट आप्पांना मार्केटिंगच्या पुस्तकांशिवाय कळली होती.) पुढे 2008 च्या सुमारास इबेनेच ही रीत बदलली. गिऱ्हाइकाला काय आवडेल ते आम्ही ठरवू आणि तेच वर दाखवू, असं धोरण आलं. मग कुणाची विक्री जास्त, कुणाचे अभिप्राय चांगले, कुणाचा माल लवकर पोचतो, कोण वाहतुकीचे पैसे घेत नाही, असे सतरा हिशेब सुरू झाले. 2017 साली इबेचा भारतातला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि 14 ऑगस्ट 2018 ला ते दुकान बंद झालं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला आप्पा टोपी घालून आले होते, पण राष्ट्रगीतात त्यांचा आवाज नव्हता.

तेव्हापासून आप्पा निरनिराळ्या बाजारांत फिरताहेत आणि सगळीकडे तेच सतरा हिशेब आहेत.

पहिला हिशेब मथळ्याचा. वस्तूचं नाव असं लिहायचं, की गिऱ्हाईक जे जे टाइप करील ते ते त्यात सापडलं पाहिजे. आप्पांनी सुरुवातीला 'अडकित्ता' असं एवढंच लिहिलं होतं. अडकित्ता हवा असणारी माणसं महाराष्ट्रात उरली होती ती मोबाइल वापरत नव्हती, आणि मोबाइल वापरणाऱ्यांना अडकित्ता हा कोल्हापूरकडचा खाद्यपदार्थ वाटत होता. भाच्याने सांगितलं, इंग्रजीत लिहा. आप्पांनी 'बीटल नट कटर' लिहिलं, पण सुपारीच्या बीटलऐवजी मोटारीच्या बीटलचं स्पेलिंग केलं. पुढचे काही दिवस त्यांचा अडकित्ता एका जर्मन गाडीच्या नटबोल्टांमध्ये दिसत होता आणि कोणी तरी चौकशीही केली होती, की हा कुठल्या सालच्या मॉडेलला बसतो.

आता आप्पा तयार झाले आहेत. आजच्या अडकित्त्याचा मथळा असा: 'दुर्मिळ अस्सल जुना पितळी अडकित्ता सुपारी कटर व्हिंटेज राज खान्देश रॉयल डेकोर गिफ्ट'. यातला 'गिफ्ट' का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "लोक वस्तू शोधत नाहीत. लोक लग्नात द्यायला काही तरी शोधतात." हे एक वाक्य त्यांनी विद्यापीठात म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

पण ही मथळ्याची भाषा हळूहळू तोंडात बसली. आप्पा काकूंकडे चहा मागतात तो "गरम ताजा आल्याचा कडक कप" असा. भाजीवाल्याला "गावरान कोवळी हिरवी बिनकिडीची भेंडी अर्धा किलो" एवढं सगळं म्हणतात, आणि बिनकिडीची निघाली नाही तर एकच तारा देईन अशी धमकी देतात. पुतणीच्या लग्नाचा बायोडेटा करायचं काम घरच्यांनी विश्वासाने त्यांच्याकडे दिलं. तो वाचून मुलीने दोन दिवस अन्न घेतलं नाही. त्यात 'सुस्थितीत' हा शब्द होता. आणि शेवटी, सवयीने, 'परत घेतले जाणार नाही'. काकूंचा त्या दिवशी संयम सुटला. "बठ्ठं घर इकी टाका," त्या म्हणाल्या, "माले तेवढं ऱ्हाऊ द्या!"

दुसरा हिशेब फोटोचा. आप्पांनी पहिले फोटो काढले ते मिरचीच्या पथारीवर. नंदुरबारच्या शिवारात हंगामात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, त्या लालभडक जमिनीवर पिवळंधमक पितळ काय दिसतं म्हणता! आप्पा शिंका देत देत गुडघ्यावर बसले आणि एकेक समई टिपली. वरच्याने ते फोटो बघितले आणि समईच्या खाली 'याबरोबर हेही पाहा' म्हणून मिरचीपूड आणि लोणच्याचा मसाला लावला. मागचा पडदा पांढरा लागतो, हे नंतर कळलं. आता आप्पांचं लग्नातलं धोतर त्या कामाला असतं, आणि तिथीवाराला आप्पा पायजम्यात दिसतात.

तिसरा हिशेब वाहतुकीचा. जो फुकट पाठवतो त्याला वर घेतात, असं कळल्यावर आप्पांनी एका रात्रीत सगळ्या मालावर 'फ्री डिलिव्हरी' लावलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. त्यात एक दगडी जातंही होतं. ते कोइमतूरहून मागवलं गेलं. जिथल्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावाने सातपुड्याच्या पायथ्याचं जातं मागवावं, याचा आप्पांना आधी अभिमान वाटला. मग कुरिअरवाल्याने वजन केलं. जात्याच्या किमतीच्या कितीतरी पट भाडं भरून आप्पांनी ते पाठवलं, कारण पाठवलं नसतं तर वरच्याच्या वहीत लाल शेरा बसला असता. गिऱ्हाइकाने पाच तारे दिले आणि लिहिलं, 'पॅकिंग छान'.

आप्पांची खरी मोहीम मात्र नातेवाइकांवर चालली. ज्या वस्तूवर जास्त लोक बोट लावतात ती वर जाते, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं. मग शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, सगळीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन गेले. "माझा पानाचा डबा उघड. दोन मिनिटं बघ. खाली ओढ, वर ओढ, फोटो मोठा कर. आवडला म्हणून दिलाचं चिन्ह दाब. आणि हे बघ, विकत घेऊ नको, आपल्याच घरात पैसे फिरवायचे नाहीत." लग्नाच्या पंगतीत आप्पा वाढप्यांच्या मागून फिरायचे आणि जेवणाऱ्यांच्या डाव्या हातात मोबाइल उघडून द्यायचे. दशक्रियेच्या घाटावर, प्रकाशाला, कावळा शिवायची वाट बघत असलेल्या माणसांनाही त्यांनी सोडलं नाही, तिथे तर सगळ्यांना वेळच वेळ होता.

महिन्याभरात पानाचा डबा नवव्या पानावर गेला. भाच्याने पुण्याहून कारण सांगितलं. शेकड्यांनी लोक बघतात आणि एकही घेत नाही, म्हणजे मालात खोट आहे, असं यंत्र समजतं. बघणाऱ्यांतून घेणारे किती, हा त्याचा हिशेब. आप्पांच्या अख्ख्या गणगोताने मिळून तो डबा बुडवला होता, आणि तोही प्रेमाने.

मग एके सकाळी चमत्कार झाला. आप्पांनी स्वतःच्या मोबाइलवर 'जुना पितळी पानाचा डबा' टाइप केलं आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, त्यांचाच डबा! गल्लीत पेढे वाटले. मलाही मिळाला. संध्याकाळी दाढी करायला बसले असताना त्यांनी न्हाव्याला त्याच्या मोबाइलवर तेच टाइप करायला लावलं. अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत आप्पा पान उलटत गेले. एक, दोन, तीन… सात. डबा नव्हताच. माणूस रोज जे बघतो तेच यंत्र त्याला पुढे करतं. आप्पा दिवसातून शंभरदा स्वतःचाच डबा बघत होते, म्हणून यंत्राने त्यांना त्यांचाच डबा विकायला काढला होता. जगात हा डबा पहिल्या पानावर बघणारा एकच माणूस होता आणि तो डबा त्याच्याच घरात होता.

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवून सांगतो, आप्पांची लढाई मुळातच विषम आहे. बाजाराचं यंत्र विक्री मोजतं. जी वस्तू शंभरदा विकली गेली तिला ते वर नेतं, तिचे अभिप्राय साठतात, त्या अभिप्रायांमुळे ती आणखी विकली जाते. आप्पांची वस्तू आयुष्यात एकदाच विकली जाणार असते. विकली गेली की तिचं नाव यादीतून जातं, आणि तिने मिळवलेली सगळी पत तिच्याबरोबर जाते. पुढचा अडकित्ता पुन्हा शून्यापासून. एकमेव असणं हाच ज्या मालाचा गुण, तोच इथे त्याचा गुन्हा.

याचा फायदा कुणाला, तर 'अँटिक फिनिश'वाल्यांना. मुरादाबादेत पितळेचं मोठं काम चालतं, तिथे आज ओतलेली वस्तू काळपट करून उद्या आजोबांच्या वयाची करता येते. लंडनच्या कंपनीचं नाव आणि जुनं साल कोरलेलं होकायंत्र, भोंग्याचा ग्रामोफोन, खलाशाची दुर्बीण. एकासारखी एक, हवी तेवढी. 'जुना पितळी' असं टाइप केलं की पहिल्या पानावर ही सगळी नवी पितळं रांगेने उभी असतात. वस्तू फसवी असेलच असं नाही, खाली बारीक अक्षरांत 'प्रतिकृती' लिहिलेलंही असतं. पण वर फोटो दिसतो आणि आप्पांचा खरा जुना डबा त्यांच्या मागे कुठे तरी नवव्या पानावर.

भाच्याने व्यवहारी सल्ला दिला. "मामा, तुम्हीही डझनभर होकायंत्रं मागवा. ती विकली जातील, दुकानाची पत वाढेल, मग तिच्यावर तुमचा जुना माल वर येईल." आप्पा आठवडाभर जेवले नाहीत नीट. मग मागवली. ती विकली गेली. पुन्हा मागवली, पुन्हा विकली गेली. अभिप्राय येऊ लागले: 'अगदी अस्सल', 'आजोबांची आठवण झाली', 'शंभर टक्के ओरिजिनल'. आप्पांचं दुकान होकायंत्रवाल्यांत वर चढलं. आणि त्याच आठवड्यात, मोडीच्या काट्यावरून सोडवून आणलेला, स्वतः चिंचेने घासलेला, तिघांना दाखवून वय ठरवलेला अडकित्ता नागपूरहून परत आला. एक तारा. तक्रार: 'वापरलेला वाटतो. माल जुना आहे.'

आप्पांनी तो अभिप्राय छापून भिंतीवर लावला आहे. शेजारी दुसरा एक कागद आहे, रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2021 च्या निवेदनाचा. बँकेच्या नावाने काही लोक जुन्या नोटा-नाणी विकत घेण्याच्या बहाण्याने फी आणि कर उकळतात, बँकेचा त्यांच्याशी संबंध नाही, असं त्यात म्हटलेलं आहे. तो कागद वाचायला कुणी थांबत नाही. दर बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी रुमालाच्या गाठीत भोकाचा पैसा बांधून येतो. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवण्यासाठी 1943 पासून हा मधे भोक असलेला पैसा काढला होता, घरोघरी आहे.

"आप्पा, हाई कितलाले जाई?"

"दहा रुप्याले."

"मोबाइलमां तं पाच लाख सांगी ऱ्हायना!"

"दहा रुप्या. भोक फुकट."

माणूस रागावून जातो. जाताना आप्पा व्यापाऱ्यांशी मिळालेले आहेत असं चहाच्या टपरीवर सांगतो. ट्रॅक्टरची पाचाची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, 786 आकड्याची नोट, सगळ्यांचं हेच. ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 सालचं म्हणून रामदरबाराचं नाणं घेऊन येणारेही पुष्कळ. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही, हे आप्पा त्यांना सांगतात. इतकंच नाही, यादीत तसं एक नाणं मांडलं तेव्हा 'ही नंतरची खोटी तयार केलेली चकती आहे, किंमत पन्नास रुपये' असं स्वच्छ लिहिलं. त्याच पानावर दुसऱ्या कोणाचं तेच नाणं 'चमत्कारी, तांदूळ ओढणारं' म्हणून होतं आणि त्याच्याकडे चौकशांची रीघ होती. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नावाने देशभर किती जण बुडालेत याच्या पोलिसांत नोंदी आहेत. यंत्राला त्याचं काही नाही. चौकशा किती, एवढंच ते मोजतं.

गेल्या मार्गशीर्षात आप्पा सारंगखेड्याला गेले. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. आप्पांकडे जुन्या रिकिबी, लगाम, घुंगरमाळा असा घोड्यांचा सरंजाम साठला होता, आणि मोबाइलवर तो 'वॉल डेकोर' या सदराखाली पडून होता. जागा मिळाली ती अगदी शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टँकरला लागून. आप्पांनी बघितलं आणि मान हलवली. "इथेही दहावं पान."

पण दुपारपर्यंत ऊन चढलं. घोडेवाले बादल्या घेऊन टँकरपाशी येऊ लागले. राजस्थानचे, पंजाबचे, गुजरातचे, नळाला रांग लावायचे आणि रांगेत उभं राहून दुसरं करणार काय, आप्पांच्या मालाकडे बघायचे. एक मिशाळ माणूस वाकला, रिकीब उचलली, दगडावर आपटली. आप्पांचा जीव वर आला.

"वजन झेलेल?"

"ही ऐंशी वर्षांपूर्वीची आहे," आप्पा म्हणाले.

"ते विचारलं नाही. वजन झेलेल?"

आप्पांनी तारे विचारले नाहीत, मथळा सांगितला नाही, पांढरं धोतर पसरलं नाही. संध्याकाळच्या आत सगळ्या रिकिबी गेल्या. विकत घेणाऱ्यांनी त्या तिथल्या तिथे जिनाला बांधल्या आणि वर चढून बसले. जी वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची ती माणसाच्या पायाखाली गेलेली बघून आप्पांना गहिवरून आलं, आनंदाने की दुःखाने हे त्यांनाही सांगता आलं नाही. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी टँकरवाल्याला चहा पाजला आणि पुढच्या वर्षी टँकर कुठे उभा राहणार ते विचारून घेतलं. ते वहीत लिहिलंय.

परत आल्यावर मात्र पहाटेची हजेरी सुरूच आहे. फणेरपेटी अजून गैरहजर. होकायंत्रं जोरात. भाच्याने आता जाहिरातीचे पैसे भरायला सांगितलं आहे. पैसे भरले की यंत्र वर नेतं, असं हे सरळ आहे. आप्पा म्हणतात, टाइम ऑफिसात असताना हजेरी लावण्यासाठी पैसे देणारे पुष्कळ आले होते, तेव्हा घेतले नाहीत, आता देणार नाही. मला वाटतं देतील. फणेरपेटीसाठी नक्की देतील.

तेव्हा वाचकांना दोनच विनंत्या. घरातलं पितळ मोडीत घालण्याआधी ते एकदा कुठल्या तरी आप्पांना दाखवा. आणि आप्पांकडून काही घेतलंतच, तर तारे द्यायचे तेवढे द्या, कमी द्या, पण अभिप्रायात 'माल जुना निघाला' असं कृपा करून लिहू नका.